तीस लाख, तीन जर्मन गाड्या आणि चोर्ल्याचा रस्ता

वाचकाचं पत्र :

"वय ३८. उद्यमबागेत वडिलांनी सुरू केलेलं मशीन शॉप मी आणि भाऊ मिळून बघतो. घरात इनोव्हा क्रिस्टा आहे. कॉलेजपासून एक हौस मनात आहे, जर्मन स्पोर्ट्‌स कारची. आता तीस लाख बाजूला पडलेत. एवढ्यात नवी येत नाही, म्हणून पुण्याला जाऊन एका डीलरकडे तीन जुन्या गाड्या बघून आलो. २०१३ ची पोर्शे बॉक्स्टर, २.७ लिटरची : ३८ लाख सांगतोय, ३४ ला सोडेल असं वाटतं. २०१२ ची बीएमडब्ल्यू झेड-फोर ३५आय : २६ लाख. २०१५ ची ऑडी टीटी, टू-लिटर क्वाट्रो (चारही चाकांना ताकद देणारी) : २४ लाख. तिन्ही महाराष्ट्र पासिंग. मामा कोल्हापूरला असतात, त्यांच्या नावावर घेतली तर कर्नाटकचा टॅक्स वाचेल असं भाऊ म्हणतो. बायको विचारते, दोन सीटच्या गाडीत सहा वर्षांच्या मुलीला कुठं बसवायचं? आणि वडील म्हणतात, एवढ्या पैशात शॉपला एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) येते. वापर म्हणाल तर रविवारी चोर्ला घाटातून गोवा, पावसाळ्यात आंबोली, अधूनमधून कोल्हापूर. कुठली घेऊ?"

— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

नमस्कार.

पत्राबरोबर फोटो पाठवलेत ते बरं केलंत. मन कुठं आहे ते त्यातच कळलं. बॉक्स्टरचे ढीगभर, झेड-फोरचे चार-पाच, आणि टीटीचा एकच, तोही मागून. तरी मी तुम्हाला टीटीच घ्या म्हणणार आहे. आणि पुण्यातली ही टीटी घेऊ नका, असंही म्हणणार आहे. दोन्हींची कारणं सांगतो.

आधी पैशाचं बोलू. ही टीटी २०१५ साली भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम साठ लाखांच्या वर होती. आज ती चोवीसला मिळते म्हणून तिचा हेडलाइट चोवीस लाखांच्या गाडीचा होत नाही. तो साठ लाखांच्या गाडीचाच राहतो. बॉक्स्टरचं याहून वरचं. जुनी जर्मन गाडी घेऊन पस्तावलेली जी माणसं मी बघितली, त्यातल्या बहुतेकांनी गाडीची किंमत बरोबर मोजली होती, पण हातात काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. मग पहिल्या मोठ्या बिलाला गाडी ताडपत्रीखाली जाते आणि तिथंच राहते. म्हणून तीस लाखांतले निदान पाच गेलेच असं समजून बाजूला काढा. पहिल्या वर्षात टायर, ब्रेक, बॅटरी, सगळी ऑइलं, कडक झालेले रबरी होस हे निघणारच. चांगल्या कंपनीच्या चार टायरांनाच लाखाच्या आसपास जातात. गंमत म्हणजे इन्शुरन्सचा थर्ड पार्टीचा हप्ता तुम्हाला नवा नाही : १५०० सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी गाड्यांना तो ७,८९७ रुपये आणि वर जीएसटी, तुमच्या इनोव्हालाही तेवढाच. फरक पडतो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात. तिथं झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शन दोन्ही मिळतंय का, ते गाडी ठरवायच्या आधी विचारा. दहा वर्षांच्या गाडीला झिरो डेप द्यायला बऱ्याच कंपन्या तयार होत नाहीत.

म्हणजे तुमचं बजेट पंचवीस लाख, आणि त्यात पासिंगचा खर्चही बसवायचाय. या हिशेबात बॉक्स्टर चौतीसला काय, एकतीसलाही बसत नाही.

तिला नाही म्हणताना माझ्याही जिवावर येतं. तिघींत खरी स्पोर्ट्‌स कार ती एकटीच. कागद बघाल तर उलटंच दिसेल : शून्य ते शंभरला झेड-फोर ३५आय घेते ५.१ सेकंद, टीटी ५.३, आणि पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची २.७ लिटर बॉक्स्टर ५.७. तुमचा भाऊ आकडे बघून "एवढे पैसे मोजून हीच हळू?" म्हणाला तर त्याचं गणित चूक नाही. पण बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या पाठीमागे, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे बसतं. आडव्या झोपवलेल्या सहा सिलिंडरचं, टर्बो नाही, २६५ एचपी. वजन मधोमध असल्यामुळे वळणात नाक आणि शेपूट एकदमच फिरतात, आणि स्टिअरिंग हलवल्याक्षणी गाडीनं ऐकलंय हे हाताला कळतं. आंबोलीतली कोरडी सकाळ आणि ही गाडी असा योग आला, तर सेकंदांचा विषय कोणी काढणार नाही.

इथं एक सावध करतो. बॉक्स्टर परवडत नाही म्हटलं की डीलर हळूच एखादी जुनी दाखवतो, २००५-०७ ची, निम्म्या पैशात. तिच्याकडे फिरकू नका. १९९६ पासून २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरच्या इंजिनात एक इंटरमीजिएट शाफ्ट आहे. क्रँककडून फिरणारा हा शाफ्ट चेनने कॅमशाफ्ट फिरवतो, आणि त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. तुम्ही मशीन शॉपवाले, पुढचं तुम्हाला मी सांगायला नको. सील गळायला लागलं की आतलं ग्रीस धुऊन जातं. सीलमुळे बाहेरचं ऑइल नीट पोचत नाही, आणि बेअरिंग कोरडं पडतं. ते फुटलं की टायमिंग जातं, पिस्टन वाल्व्हवर आदळतात, आणि गाडीच्या किमतीएवढं इंजिनच नवं घ्यायची वेळ येते. सगळ्यांचं होतं असं नाही, पण तुमच्या गाडीचं होणार नाही हे बाहेरून सांगता येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून हा शाफ्टच काढून टाकला, त्यामुळे तुम्ही बघितलेल्या २०१३ च्या गाडीला हा रोग नाही.

तिला नको म्हणायचं आणखी एक कारण म्हणजे बेळगाव. बॉक्स्टरचं पुढचं झाकण उघडलं की दीडशे लिटरची डिकी दिसते. मागचं उघडलं की दुसरी डिकी, एकशेतीस लिटरची. इंजिन कुठंच दिसत नाही. ऑइल आणि कूलंट भरायच्या टोप्या मागच्या डिकीत आहेत. बाकी काय करायचं ते गाडी लिफ्टवर घेऊन खालून, किंवा छताची घडी उलगडून वरून. हे काम रोज करणारी माणसं मुंबईला आहेत, बेंगळुरूला आहेत. आपल्याकडं हुशार मिस्त्री भरपूर आहेत, पण त्यानं तुमच्या पोर्शेवर पहिल्यांदा हात बसवावा, अशी तुमचीही इच्छा नसणार. शिवाय छत कापडी. छताच्या कडेचं पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, त्यात झाडाचा पाला अडकला की पाणी गाडीत उतरतं. टिळकवाडीतल्या आंब्या-फणसाखाली गाडी लावणाऱ्यानं दर पावसाळ्याआधी त्या नळ्या साफ करणं आलंच. हे छत उघडणाऱ्या सगळ्याच गाड्यांना लागू आहे, पत्र्याचं घडीचं छत असलं तरी.

झेड-फोरचं थोडक्यात. ती देखणी आहे यात वाद नाही. लांबच लांब बॉनेट, जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला ड्रायव्हर, बटण दाबलं की वीस सेकंदांत पत्र्याचं छत डिकीत. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन, ३०६ एचपी. सरळ रस्त्यावर तुम्ही बघितलेल्यांत हीच सगळ्यात दांडगी. हायवेला कोगनोळीचा टोलनाका सोडला की लगेच कळेल. पण हे एन-५४ इंजिन जगभर एका कारणानं ओळखलं जातं : हाय प्रेशर फ्युएल पंप. अमेरिकेत बीएमडब्ल्यूला त्याची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवावी लागली. पंप झाला की इंजेक्टर, ते झाले की विजेवर चालणारा वॉटर पंप, मग वाल्व्ह कव्हरमधून गळणारं ऑइल. एकेक काम तसं आटोक्यातलं, पण ती एका पाठोपाठ एक रांगेनं येतात. डिकी ३१० लिटर, छत उघडलं की १८० उरतात. गोव्याहून काजूची दोन पोती आणायचा बेत असेल तर छत बंदच ठेवा. टायर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं चालणारे, म्हणून कडक. चोर्ल्याला पाठ सांगेल. झेड-फोर तिच्यावर जीव असलेल्यानं घ्यावी. बॉक्स्टर जमली नाही म्हणून समाधानाला झेड-फोर घेतलीत, तर प्रत्येक बिलाच्या वेळी बॉक्स्टर आठवेल.

तुम्ही मर्सिडीजचं नाव काढलं नाहीत, पण पंचवीसच्या आत एखादी नीट राखलेली एसएलके ३५० दिसली, २०११ नंतरची, तर नुसती नजर टाकून या. साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स, टर्बोची भानगड नाही. ती वळणाची गाडी नाही, आरामात गोव्याला जायची आहे. तुमच्या वयाला थोडी लवकर.

आता टीटी. तिच्यावर नेहमीचा आक्षेप असा की ही खरी स्पोर्ट्‌स कार नव्हे, खाली गोल्फच आहे. आक्षेप खरा आहे, आणि बेळगावात हाच तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. २०१४ नंतरची टीटी फोक्सवॅगनच्या एमक्यूबी प्लॅटफॉर्मवर उभी आहे, त्याच कुळातली गोल्फ आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन ईए-८८८ घराण्यातलं, २३० एचपी. भारतात आलेली ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आठवतेय? तेच घराणं, तेवढीच ताकद. सुपर्बमध्येही याच घराण्यातलं इंजिन. म्हणजे टीटीचा कॉइल गेला, थर्मोस्टॅट गळाला, सेन्सरनं दिवा लावला, तर स्कोडाचं काम रोज करणारा, बरोबर स्कॅनर असलेला माणूस तिला हात लावू शकतो. असा माणूस बेळगावात सापडतो, कोल्हापूर-हुबळीला सापडतो. दरवाजे, काचा, दिवे, सीट हे मात्र टीटीचेच, आणि ते महागच. गाडीचं उत्पादन २०२३ च्या नोव्हेंबरात हंगेरीतल्या ग्यॉर कारखान्यात बंद झालं, पण इंजिन-गिअरबॉक्सच्या सुट्या भागांची चिंता त्यामुळे करायला नको.

तिचा गिअरबॉक्स सहा गिअरचा, ओल्या क्लचचा. त्याचं ऑइल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरला बदललंय का, एवढं एकच बघायचं. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचंही वेगळं ऑइल असतं, आणि ते बदलायचं बहुतेक मालकांच्या डोक्यातच नसतं. बिलात ते दिसलं, तर आधीचा मालक जाणता होता असं खुशाल समजा. टीटीच्या आधीच्या पिढीत, २०१४ पूर्वीच्या, इंजिन ऑइल पिण्याची आणि टायमिंग चेनच्या टेन्शनरची तक्रार होती. म्हणून स्वस्त मिळाली तरी त्या पिढीत जाऊ नका.

क्वाट्रोचा उपयोग काय, तर तुमचा रस्ता बघा. जांबोटी सोडली की कणकुंबीपर्यंत पावसाळ्यात रस्त्यावर लाल चिखल आणि पाला, मध्येच उखडलेला पट्टा, समोरून गोव्याचा ट्रक. तिथं मागच्या चाकांवर चालणारी ३०६ एचपीची गाडी हाताळायला सवय लागते. टीटी पुढच्या चाकांची पकड सुटायला लागली की मागे ताकद पाठवते आणि तुम्ही वेंधळेपणा केलात तरी बऱ्यापैकी सांभाळून घेते. अर्थात टायर गुळगुळीत असतील तर क्वाट्रो काही करत नाही. वेंगुर्ला रस्त्यानं आंबोलीला जाताना तिची वळणावरची पकड समजेल. हिंडलगा सोडून शिनोळीला महाराष्ट्र लागला की रस्ता मोकळा होत जातो. बॉक्स्टरएवढी गोडी नाही, हे मी लपवत नाही. स्टिअरिंग हलकं आहे, जरा मुकं आहे.

आणि तुमच्या बायकोच्या प्रश्नाला तिघींपैकी फक्त टीटी कूपेकडे उत्तर आहे. मागे दोन छोट्या सीट आहेत. मोठा माणूस बसला तर डोकं मागच्या काचेला टेकतं, पण सहा वर्षांची मुलगी बूस्टर सीटवर नीट बसते आणि पुढची तीन-चार वर्षं तरी बसेल. सीट पाडल्या की सातशे लिटरची जागा होते. बॉक्स्टरमध्ये किंवा झेड-फोरमध्ये मुलीला पुढे बसवायचं म्हणजे घरातलं एक माणूस मागे राहिलं, आणि दर रविवारी मागे कोण राहायचं, यावरून घरात जे होईल त्याचा सल्ला या सदरात मिळत नाही.

आता मामांचं. भाऊ म्हणतो ते सीमाभागात निम्मं गाव करतं : गाडी बेळगावात, नंबर एमएच-०९. कायद्यानं दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांहून जास्त ठेवली की पुन्हा नोंदणी करावीच लागते. साध्या स्विफ्टकडे कोणी बघत नाही. ठेंगणी, मोठा आवाज काढणारी गाडी मात्र चन्नम्मा सर्कलला दर वेळी बघितली जाते. २०२५ च्या फेब्रुवारीत बेंगळुरूत परिवहन खात्यानं कर न भरता फिरणाऱ्या बाहेरच्या पासिंगच्या महागड्या गाड्या पकडायची मोहीमच काढली होती, त्यात पोर्शेही होत्या. पण मला त्याहून मोठी अडचण वाटते ती घरची. कागदावर मालक मामा. चलन त्यांच्या मोबाइलवर जाणार. अपघात झाला तर कोर्टाचा कागद त्यांच्या दारात, इन्शुरन्सचा क्लेम त्यांच्या सहीनं, आणि विकताना त्यांना आरटीओच्या दारात उभं करायचं. उद्या त्यांना काही झालं तर गाडी वारसांच्या वाटणीत. टॅक्समधले चार पैसे वाचवायला मामा-भाच्याचं नातं आरसी बुकात अडकवू नका.

सरळ मार्गानं इकडे पासिंग करायचं तर कर्नाटकचा आजीवन कर वीस लाखांवरच्या गाडीला १८ टक्के, वर उपकर. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे त्यातला काही भागच भरावा लागतो. पण हिशेब मूळ किमतीवरून धरतात, तुम्ही मोजलेल्या चोवीस लाखांवरून नव्हे. साठ लाखांचे १८ टक्के म्हणजे दहा लाख ऐंशी हजार. वयानं घटवून उरलेला आकडाही लाखांतच येतो. महाराष्ट्रातून जुन्या कराचा परतावा मिळतो म्हणतात, पण अकरा वर्षांच्या गाडीचा तो किती आणि कधी, त्याच्या भरवशावर बजेट मांडू नका. एनओसी, पोलीस, आरटीओच्या फेऱ्या वेगळ्या.

म्हणून म्हटलं, पुण्याची टीटी नको. बेंगळुरूला जा. केए पासिंगची गाडी घेतलीत तर आजीवन कर एकदा भरलेला आहे. राज्यातल्या राज्यात नाव आणि पत्ता बदलायचा, फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेकडून ३५, एवढ्यात केए-२२ च्या पत्त्यावर गाडी तुमची. बेंगळुरूत अशा गाड्या पुण्याला हार जाणार नाहीत. आपली सवय अशी की गाडी, लग्नाची खरेदी, डॉक्टर, सगळ्याला पुण्याकडे तोंड. मी ती सवय मोडा म्हणत नाही. पण सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडलाय, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत आरटीओच्या लेखी टिळकवाडी कर्नाटकातच आहे. कन्नडची अडचण तुम्हाला नसणार. उद्यमबागेत धंदा करून कन्नड येत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. वंदे भारत आता बेळगावहून थेट बेंगळुरूला जाते. जाताना ट्रेननं जा आणि येताना, गाडी पटली तरी, लगेच चालवत आणू नका. आधी तपासणी.

तपासणीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा गाडीशी आणि डीलरशी संबंध नसलेल्या गॅरेजात पैसे देऊन लिफ्टवर घ्या. चॅसिस नंबरवरून सर्व्हिसचा सगळा इतिहास काढून घ्या, प्रत्येक सर्व्हिसच्या तारखेपुढे किलोमीटर असतात, मीटर फिरवला असेल तर तिथंच उघडं पडतं. इंजिन थंड असताना स्टार्ट करायचं. तुम्ही पोचायच्या आधी डीलरनं गरम करून ठेवलं असेल तर बॉनेटवर हात ठेवल्यावर कळेल. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखायची, हे आपल्या भागाला वेगळं शिकवायला नको. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर होतं, कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या गेल्या ते आपण बघितलंय. २०२४ च्या जुलैत पुण्यात सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरात विकायला निघतात. शहापूरचे एक जुने मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत, ते सेकंड हँड गाडी बघायला गेले की आधी बॉनेट उघडतच नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरतात आणि हळूहळू शेवटपर्यंत ओढतात. पट्ट्याची पहिली दोन हात लांबी रोज बाहेर येते, तिला सगळेच धुतात. शेवटचा वीतभर भाग खांबाच्या आत गुंडाळलेला असतो. तिथं पिवळट रेघ दिसली, बोटाला बारीक माती लागली, की ते पट्टा सोडून देतात आणि "चला, चहा घ्यायला जाऊया" म्हणतात. सीटबेल्ट साफ निघाला, तर सीटच्या रुळांचे बोल्ट बघतात, गंज आहे का. मग डिकीतला गालिचा उचलून खालच्या खड्ड्यात हात फिरवतात. इंजिनाकडे ते सगळ्यात शेवटी जातात. टीटी बघताना हेच करा. आणि टायरच्या भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. चार टायर चार सालांचे निघाले तर मालकानं गाडी कशी राखली, ते तिथंच लिहिलेलं आहे.

पेट्रोलचं एक विसरू नका. आता पंपावर येतं ते ई-२० आहे, आणि २०१५ ची जर्मन गाडी वीस टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेली नाही. निदान ९५ ऑक्टेनचं भरायचं, आणि १०० ऑक्टेनचं तुमच्या वाटेवर कुठल्या पंपावर मिळतं ते आधी हेरून ठेवायचं. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल मुरू देऊ नका.

गाडी बेळगावात आणल्यावर स्पीडब्रेकर तिरके घ्यायचे, आणि डिकीत पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर ठेवायचा. कणकुंबीच्या पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढून नेऊ द्यायची नाही, क्वाट्रो आहे. पूर्ण गाडी वर घेणारी फ्लॅटबेडच मागवायची, आणि इन्शुरन्सबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेताना हे तोंडानं विचारून घ्यायचं.

राहिले वडील. त्यांचं म्हणणं खोडायला मी बसलेलो नाही, ते बरोबरच आहेत. व्हीएमसी पहिल्या दिवसापासून मिळवायला लागते आणि टीटी पहिल्या दिवसापासून खायला. गाडी ही गुंतवणूक आहे, किंमत टिकेल, असं काही त्यांना सांगायला जाऊ नका. ते हिशेबात तुम्हाला हरवतील. हौस आहे, कर्ज काढलेलं नाही, पाच लाख वेगळे ठेवलेत, एवढंच सांगा. आणि खरंच कर्ज काढू नका, सोसायटीचंसुद्धा.

सगळं ऐकूनही टीटीकडे बघून मन हलत नसेल, तर कुठलीच घेऊ नका. पैसे ठेवीत टाका, दोन वर्षं थांबा, आणि चाळीस जमले की बेंगळुरूत केए पासिंगची २०१३ नंतरची बॉक्स्टर, किंवा बंद छताची केमन बघा. तिथवर मुलगीही पुढच्या सीटवर बसायच्या वयाच्या जवळ येईल.

पुण्याच्या डीलरला टोकन दिलंय की नाही, ते तुम्ही लिहिलं नाहीत. दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर उद्याच फोन करून परत मागा, आणि तो टाळाटाळ करायला लागला तर तेच लेखी कळवा. पुढे बेंगळुरूत द्याल तेव्हा पावतीवर गाडीचा नंबर, चॅसिस नंबर आणि "तपासणीत नापास झाल्यास पूर्ण रक्कम परत" एवढं लिहून, शिक्का मारून घेतल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.